सोनखताविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात कंपोस्ट शौचालयावर लेख आला होता. या शौचालयात पाणी ओतायचे नसते. प्रत्येक वापरानंतर मैल्यावर भुसा, पालापाचोळा किंवा कोरडी माती टाकून तो झाकायचा असतो, आणि कोठी भरली की ती दीर्घकाळ बंद ठेवून आतील मैल्याचे खत होऊ द्यायचे असते. त्या लेखावर आलेल्या काही पत्रांत वाचकांनी विषय काढल्याबद्दल आधी क्षमा मागितली आहे आणि मग अतिशय नेमके प्रश्न विचारले आहेत. क्षमेची काहीही गरज नाही. ज्या भाषेत या वस्तूसाठी ‘सोनखत’ हा शब्द आहे, त्या भाषेत तिच्याविषयी मोकळेपणाने बोलता आले पाहिजे.

प्रश्न: आमच्याकडे सेप्टिक टँक आहे. त्यातही मैला कुजतोच. मग कंपोस्ट शौचालयात वेगळे काय घडते?

उत्तर: कुजणे दोन प्रकारचे असते आणि त्यांतला सगळा फरक हवेमुळे पडतो. सेप्टिक टँकमध्ये मैला पाण्याखाली बुडालेला असतो. तिथे हवा पोचत नाही, त्यामुळे हवेवाचून जगणारे जिवाणू त्यावर काम करतात, मिथेन आणि सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, गाळ तळाशी बसतो, आणि वरचे पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत उतरते. त्या पाण्यात नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) ही पिकाची अन्नद्रव्ये आणि जिवंत रोगजंतू पुष्कळ शिल्लक असतात. पिकाची मुळे असतात त्या थराच्या खाली ते निघून जाते, म्हणजे जे पिकाला मिळायचे ते विहिरीच्या पाण्यात जाते.

कंपोस्ट कोठीत मैला कोरड्या सामग्रीत मिसळलेला असतो आणि त्या सामग्रीच्या पोकळ्यांमधून हवा खेळते. हवेवर जगणारे जिवाणू आणि बुरशी त्याचे विघटन करतात, त्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि उष्णता बाहेर पडते, आणि मागे राहतो तो काळसर, भुसभुशीत सेंद्रिय अंश. भुशाचे काम केवळ झाकण्याचे आहे असा पुष्कळांचा समज असतो, पण तो अपुरा आहे. मैल्यात नत्राच्या एका भागामागे कार्बनचे साधारण आठ भाग असतात आणि मूत्रात जेमतेम एक, तर कुजवणाऱ्या जीवांना हे प्रमाण पंचवीस ते तीस लागते. लाकडाच्या भुशात ते काही शेकड्यांच्या घरात असते. म्हणून मूठभर भुसा टाकताना आपण त्या जीवांच्या ताटात कमी असलेला पदार्थ वाढत असतो. ओलावा मात्र फार नको आणि फार कमीही नको. घट्ट पिळून काढलेल्या फडक्याला असतो तितका पुरे. ताज्या मैल्याच्या वजनात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते, त्यामुळे कोठीतला ढीग महिनोन्‌महिने खाली बसत जातो आणि पाहणाऱ्याला वाटते की कोठी भरतच नाही.

प्रश्न: आम्ही पाच जण चार महिन्यांपासून असे शौचालय वापरत आहोत. पहिले दोन महिने काहीच त्रास नव्हता. आता डोळ्यांना झोंबणारा वास येतो आणि बारीक माश्या झाल्या आहेत. काय चुकले असेल?

उत्तर: वास कोणता, हे तुम्ही लिहिले ते बरे झाले, कारण वासावरूनच दोष ओळखता येतो. डोळ्यांना झोंबणारा वास अमोनियाचा असतो आणि त्याचा अर्थ नत्र जास्त, कार्बन कमी असा होतो. बहुतेक वेळा कोठीत मूत्र जात असते किंवा भुसा हात राखून टाकला जात असतो. वास सडक्या अंड्यासारखा असता, तर कोठीत पाणी साचून हवा कोंडली आहे असे मी सांगितले असते. तुमच्याकडे पाच माणसांचे मूत्र मैल्यासोबतच कोठीत जात असावे असा माझा तर्क आहे. दररोज प्रत्येकी दीड लिटर धरले तरी ते साडेसात लिटर होते, आणि इतके शोषून घेण्याइतका भुसा कोणतेही घर फार दिवस टाकू शकत नाही. पहिले दोन महिने कोठीतल्या मूळ कोरड्या थराने ते शोषले, नंतर तो थर भिजला. मूत्र वेगळे नेणारे भांडे बसवणे हा यावरचा टिकाऊ उपाय आहे. या भांड्याचा पुढचा भाग उथळ असतो आणि त्याची नळी स्वतंत्र डब्यात जाते, मागचा भाग सरळ कोठीवर उघडतो. ते बसेपर्यंत कोठीत पालापाचोळ्याचा जाड थर घाला, काठीने वरचा थर हलवून मिसळा आणि प्रत्येक वेळी मैला पूर्ण दिसेनासा होईल इतका भुसा टाका.

भुशाबद्दल एक गोष्ट अनुभवातून सांगतो. पहिल्या वर्षी मी सुताराकडून पोते भरून आणले, पण त्यात भुसा नव्हता, रंध्याखालून निघणाऱ्या सालपट्या होत्या. त्या दिसायला सुंदर, हलक्या आणि वेटोळ्या होत्या. मी त्या भरभरून टाकत असे, तरी वास जात नव्हता. एक दिवस विजेरी लावून कोठीत पाहिले तेव्हा लक्षात आले की सालपट्या मैल्यावर एखाद्या पिंजऱ्यासारख्या उभ्या राहिल्या होत्या आणि खालचा मैला फटींतून स्पष्ट दिसत होता. माशीला तेवढी फट पुरते. करवतीखालचा बारीक भुसा मैल्याला चिकटतो, त्यावर साय धरल्यासारखा बसतो, आणि तेच हवे असते. सालपट्याच मिळत असतील, तर त्यांत निम्मी चाळलेली कोरडी माती मिसळा. प्लायवुडचा किंवा रंगरोगण केलेल्या लाकडाचा भुसा मात्र घेऊ नका, कारण त्यातील डिंक आणि रसायने शेवटी मातीत उतरतात.

माश्यांसाठी वायुनलिकेच्या, म्हणजे कोठीतली हवा वर बाहेर नेणाऱ्या नळीच्या, टोकावरची जाळी तपासा. कोठी अंधारी ठेवली आणि भांड्यावर झाकण ठेवले, तर कोठीत जन्मलेली माशी उजेडाकडे, म्हणजे नलिकेतून वर जाते आणि जाळीशी अडकून मरते. जाळीला बोटभर भोक पडले असेल, तर तीच नलिका माश्यांना आत येण्याची वाट होते. आणखी एक सावधगिरी हवी. माश्या दिसताच पुष्कळ लोक राख आणि चुना ओततात. त्याने माश्या कमी होतात हे खरे, पण चुन्याने सामू (आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा, pH) इतका वाढतो की कुजवणारे जीवही थांबतात. राख-चुन्याने मैला वाळवून निर्जंतुक करणे हा स्वतंत्र आणि चांगला मार्ग आहे. कुजवायचे की वाळवायचे हे आधी ठरवावे आणि त्या मार्गाला धरून राहावे. दोन्ही अर्धेमुर्धे केले की कोठीत एक चिकट लगदा साठतो, तो धड खत होत नाही आणि धड वाळतही नाही.

प्रश्न: ज्यांना पाण्याने धुण्याची सवय आहे त्यांनी काय करावे?

उत्तर: धुण्याचे पाणी कोठीत जाऊ देऊ नये, एवढेच सांभाळायचे असते. भांड्याच्या मागे किंवा बाजूला धुण्यासाठी तिसरा, स्वतंत्र उतार ठेवतात आणि ते थोडेसे पाणी खडी व वाळूच्या एका लहान वाफ्यात सोडतात, ज्यात कर्दळीसारखी पाणी सोसणारी झाडे लावलेली असतात. त्या पाण्यात मैल्याचा अंश असतो, म्हणून त्या वाफ्यात खाण्याची भाजी लावू नये आणि मुलांना तिथे खेळू देऊ नये. माणूस जागेवरून थोडा सरकून बसतो, एवढाच बदल करावा लागतो, आणि तो आठवडाभरात अंगवळणी पडतो.

प्रश्न: मी लहान मुलांची आई आहे. माणसाच्या विष्ठेत कितीतरी रोगांचे जंतू असतात असे शाळेत शिकलो. ते खत म्हणून जमिनीत घालणे म्हणजे रोग घरात आणणे नव्हे काय?

उत्तर: तुमची भीती योग्य आहे. ती बाजूला सारून कोणी या खताचे गोडवे गात असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पटकी, विषमज्वर, हगवण, कावीळ, पोलिओ हे सगळे रोग विष्ठेतून पसरतात. कच्चा मैला शेतात घालण्याचे परिणामही जगाने पाहिले आहेत. जपानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मैला शेतात घालत असत, त्यामुळे जमिनी सुपीक राहिल्या हे खरे, पण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत तिथल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या पोटात जंत होते. तेव्हा प्रश्न विष्ठा जमिनीत घालावी की नाही एवढाच नसतो, ती कोणत्या अवस्थेत घालावी हा असतो.

रोगजंतूंना मारणाऱ्या दोन गोष्टी आपल्या हातात आहेत, उष्णता आणि काळ. ढिगातील प्रत्येक कणाला ६२ अंश सेल्सिअस तापमान एक तास मिळाले, किंवा ५० अंश एक दिवस, किंवा ४६ अंश एक आठवडा, किंवा ४३ अंश एक महिना मिळाले, तर सर्वांत चिवट जंतांची अंडीही मरतात. यातला ‘प्रत्येक कणाला’ हा शब्द विसरून चालत नाही, कारण ढिगाचा गाभा तापला तरी कडा थंडच राहतात. म्हणून मोठ्या ढिगांवर काम करणारे लोक ढीग उलथून कडेचा भाग मध्ये आणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये मैला, मूत्र आणि सांडपाणी यांच्या शेतीतील वापराविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत कंपोस्टसाठी ५० अंशांहून अधिक तापमान किमान एक आठवडा असावे असे म्हटले आहे.

आता घरगुती कोठीचे खरे रूप सांगतो. पाच माणसांच्या कोठीतला ढीग लहान असतो, त्यात भर थोडी थोडी पडते, आणि तो सहसा ५० अंशांपर्यंत तापत नाही. मी स्वतः लांब दांड्याचा तापमापक खुपसून वर्षभर नोंदी ठेवल्या आहेत. भोवतालच्या हवेपेक्षा आठ-दहा अंश जास्त, याच्या वर तो क्वचितच गेला. म्हणून घरगुती कोठीत उष्णतेवर विसंबू नये, काळावर विसंबावे. त्याच सूचनांनुसार उष्ण हवामानात, म्हणजे सरासरी तापमान २० अंशांच्या वर असताना, शेवटची भर पडल्यापासून एक वर्षाहून अधिक, आणि थंड हवामानात दीड ते दोन वर्षे मैला न हलवता साठवावा. ‘शेवटची भर पडल्यापासून’ हे पाळता यावे म्हणूनच दोन कोठ्या बांधतात. एक भरत असते तेव्हा दुसरी बंद असते, आणि बंद कोठीत चमचाभरही ताजा मैला जात नाही. मूत्र वेगळे काढले, तर पाच जणांना सुमारे एक घनमीटरची कोठी सहसा वर्षभर पुरते.

इतका काळ कशासाठी, हे गोलजंताकडे पाहिले की कळते. या जंताची एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. प्रत्येक अंड्याला अनेक पदरी कवच असते आणि ओलसर, सावलीच्या मातीत ते कित्येक वर्षे जिवंत राहू शकते. बहुतेक जिवाणू आणि विषाणू काही आठवड्यांत किंवा महिन्यांत संपतात, ही अंडी मात्र तग धरून असतात, म्हणून सगळे वेळापत्रक त्यांच्या मरणावर बेतलेले असते. व्हिएतनाममध्ये १९५० च्या दशकात दोन कोठ्यांची कोरडी शौचालये मोठ्या प्रमाणावर बांधली गेली आणि ती रचना उत्तमच होती. पण पेरणीचे दिवस आले की शेताला खत हवे असे, आणि मुदत पुरी होण्याआधीच कोठी उघडली जाई. दोष बांधकामात नव्हता. या अनुभवामुळे मी घरोघरी एकच आग्रह धरतो की कोठी बंद केल्याची तारीख दारावर खडूने नव्हे, रंगाने लिहावी.

तुमच्या मुलांसाठी रोजची काळजी कोणत्याही शौचालयासारखीच घ्यायची, म्हणजे साबणाने हात धुणे, आणि भुशाचे भांडे मुलाला पोचेल असे ठेवणे, नाहीतर मूल न झाकताच बाहेर येते. घरात कोणाला विषमज्वर किंवा हगवण झाली, तर त्या कोठीची मुदत मी आणखी सहा महिन्यांनी वाढवतो.

प्रश्न: मी शेतकरी आहे. खताची किंमत मैल्यात अधिक की मूत्रात? आणि मूत्र पिकाला घातले तर पीक जळत नाही का?

उत्तर: मूत्रात, आणि तेही पुष्कळ अधिक. या एका गोष्टीने बहुतेक लोक चकित होतात, कारण खत म्हटले की डोळ्यांसमोर मैला येतो. एका माणसाच्या वर्षभरातील मूत्रात, त्याच्या आहारात प्रथिने किती आहेत त्यानुसार, दोन ते चार किलो नत्र आणि सुमारे ३०० ते ४०० ग्रॅम स्फुरद असते, शिवाय पालाश (पोटॅशियम) असतेच. शरीराबाहेर पडणाऱ्या नत्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक आणि स्फुरदाचा अर्ध्याहून अधिक भाग मूत्रावाटे जातो, तर रोगजंतूंचा जवळजवळ सगळा भार विष्ठेत असतो. निसर्गाने खत आणि धोका आधीच वेगळे करून दिले आहेत. एका भांड्यात एकत्र करून त्यावर दर वेळी सहा ते नऊ लिटर पिण्याजोगे पाणी ओततो ते आपण.

पीक जळते ते ताजे, दाट मूत्र पानांवर किंवा खोडाशी ओतल्यामुळे. मूत्रातील युरियाचे काही दिवसांत अमोनियात रूपांतर होते, सामू नऊच्या आसपास जातो, आणि हाच अमोनिया साठवणीत उरलेसुरले जंतू मारतो. पण डबा उघडा राहिला तर तोच हवेत उडून जातो, आणि वास येतो तेव्हा आपले खतच उडत असते. म्हणून डब्याचे झाकण घट्ट असावे आणि नळीचे टोक डब्याच्या तळापर्यंत न्यावे. घालताना रोपापासून वीतभर अंतरावर बोटभर खोल चर काढावा, एका भागाला तीन ते दहा भाग पाणी मिसळून चरात ओतावे आणि लगेच माती ओढावी. एका चौरस मीटरला एका पिकासाठी दीड लिटर मूळ मूत्र हे साधारण प्रमाण आहे. या हिशेबाने एका माणसाचे वर्षाचे मूत्र एका हंगामात तीनशे ते चारशे चौरस मीटर जमिनीला पुरते. स्वतःच्या घरचे मूत्र स्वतःच्याच शेतात वापरताना फार साठवण लागत नाही, मात्र काढणीपूर्वी एक महिना घालणे थांबवावे. अनेक घरांचे मूत्र एकत्र केले असेल, तर २० अंश किंवा त्याहून अधिक तापमानात सहा महिने बंद साठवावे. तुमची जमीन खारवट असेल तर हात आखडता घ्या, कारण मूत्रात मीठही असते.

तुमच्या प्रश्नाला धरून आणखी एक सांगावेसे वाटते. हवेतील नत्र बांधून खत करण्याची हाबर-बॉश पद्धत १९१३ मध्ये कारखान्यात सुरू झाली आणि आज ती जगाच्या एकूण ऊर्जेचा एक ते दोन टक्के भाग खाते. जगातील स्फुरदयुक्त खडकाचे सुमारे सत्तर टक्के साठे एकट्या मोरोक्कोकडे आणि पश्चिम सहारात आहेत. इतक्या कष्टाने आणलेले नत्र आणि स्फुरद धान्यातून आपल्या पोटात येते, दुसऱ्या दिवशी नाल्यात जाते, आणि मग सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात वीज खर्च करून त्याच नत्राला पुन्हा हवेत सोडावे लागते. हे मला दरवेळी लिहिताना सोसत नाही. स्वित्झर्लंडमधील एआवाग या जलसंशोधन संस्थेत मूत्रातून द्रवरूप खत काढण्याची पद्धत विकसित झाली आणि २०१८ मध्ये त्या खताला तिथे खाद्यपिकांवर वापरण्याची परवानगी मिळाली, म्हणजे ही केवळ खेड्यातल्या परसदाराची गोष्ट राहिलेली नाही.

प्रश्न: घरात रोज रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या घेतल्या जातात. त्यांचा अंश पिकात येईल का?

उत्तर: औषधांचा काही अंश शरीरातून जसाच्या तसा बाहेर पडतो आणि तो मुख्यतः मूत्रात असतो. वनस्पती त्यातला थोडा भाग शोषू शकतात. पण तुलना कशाशी करायची हे ठरवले पाहिजे. नदीत गेलेला हाच अंश पाण्यात राहतो, माशांपर्यंत आणि पिण्याच्या पाण्यापर्यंत जातो, तर सुपीक मातीच्या एका मुठीत अब्जावधी सूक्ष्मजीव असतात आणि त्यांना असे रेणू मोडण्याची सवय असते. नेहमीच्या गोळ्यांची मला घरगुती वापरात फारशी चिंता वाटत नाही. प्रतिजैविकांचा दीर्घ उपचार आणि कर्करोगावरील औषधे यांचे मात्र तसे नाही. त्या काळात त्या व्यक्तीने दुसरे शौचालय वापरावे, किंवा ते मूत्र खाद्यपिकांऐवजी सावलीच्या झाडांना घालावे.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका आहे. तुमचे सगळे विज्ञान मान्य केले, तरी एक प्रश्न उरतो. कोठी उपसणार कोण?

उत्तर: आलेल्या सर्व पत्रांतील हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तो शिक्षिकेने विचारावा याचा आनंद आहे. एदो म्हणजे आजच्या टोकियो शहरात मैल्याला इतकी किंमत होती की चाळीतील भाडेकरूंच्या मैल्यावर घरमालकाचा हक्क असे आणि तो शेतकऱ्यांना विकून त्याला उत्पन्न मिळे. तिथे वस्तूला मोल होते. आपल्याकडे मैला डोक्यावरून वाहणाऱ्या माणसाला समाजाने मोलही दिले नाही आणि मानही दिला नाही, आणि तो जन्माने कोण आहे एवढ्यावर त्याच्या पाटीचा निर्णय झाला. ज्या शौचालयामुळे असे एकही पाटीवाले माणूस पुन्हा लागेल, ते कितीही उत्तम खत देवो, मला नको आहे.

म्हणून रचनेची कसोटी अशी असावी की ताजा मैला कोणाच्याही हाताला, डोळ्याला किंवा डोक्याला लागू नये, आणि जे उपसायचे ते खत झालेले असावे, तेही ज्या घराने वापरले त्याच घराने उपसावे. दोन कोठ्या आणि पूर्ण मुदत यांमुळे हे शक्य होते. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांनी सफाईचे काम आपल्याला करू द्यावे म्हणून अन्न वर्ज्य केले आणि येरवड्यात असलेल्या गांधींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण सुरू केले. हे काम आपले स्वतःचे आहे असे मानणाऱ्या माणसांची ही परंपरा आपल्या भाषेतही आहे. यंत्राने उपसण्याची सोय असेल तर ती जरूर वापरावी. पण मी दर खेपेला स्वतः उपसतो, हातमोजे आणि बूट घालून, आणि घरातल्या मोठ्या मुलांना सोबत उभे करतो.

प्रश्न: हा शोध परदेशी आहे, की पूर्वीचाच?

उत्तर: दोन्ही. मातीने झाकण्याची गोष्ट फार जुनी आहे. आधुनिक रूपात ती इंग्लंडमधील धर्मोपदेशक हेन्री मूल यांनी आणली. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये मैल्याने भरलेल्या थेम्स नदीची जी दुर्गंधी पसरली, तिच्यानंतरच्या काळात त्यांनी कोरडी माती टाकणारे शौचपात्र तयार केले आणि १८६० मध्ये त्याचे पेटंट घेतले. उतरत्या तळाची मोठी कोठी स्वीडनच्या रिकार्ड लिंडस्ट्रॉम यांनी १९३९ मध्ये बांधली.

प्रश्न: कोठी उघडल्यावर खत तयार आहे हे कसे ओळखावे, आणि ते कोणत्या पिकाला घालावे? जागा फार थोडी असेल तर?

उत्तर: आमच्या कोठीची मुदत मागच्या खेपेला अठरा महिन्यांनी संपली. मागचे दार उघडले तेव्हा समोर वासाचा भपका आला नाही. पावसाच्या पहिल्या सरीनंतर झाडाखाली येतो तसा, बुरशीचा आणि ओल्या मातीचा मिश्र वास आला. फावडे सहज घुसले. ज्या कोठीत वर्षभर पाच माणसांचा मैला आणि कित्येक पोती भुसा गेला होता, तिच्यात गुडघ्याइतकाच काळा थर उरला होता. मुठीत घेऊन दाबला की गोळा होई आणि बोटाने टिचकी मारली की मोडे. त्यात एक शर्टाचे बटण आणि एक प्लास्टिकची क्लिप जशीच्या तशी सापडली, एवढेच काय ते ओळखू येण्यासारखे. तुमच्या खतात मैल्याचा आकार, वास किंवा चिकटपणा जाणवला, तर मुदत पुरी झाली असली तरी दार पुन्हा लावा आणि आणखी सहा महिने थांबा. कोठी खूप कोरडी पडली असेल तर मैला केवळ वाळून टिकून राहतो, तेव्हा थोडे पाणी शिंपडून मिसळून मगच दार लावा. मात्र अशा वेळी दारावरची तारीख खोडून नवी लिहा.

तयार खत पहिल्या खेपेला फळझाडांच्या आळ्यात, खोडापासून हातभर दूर, वीतभर खोल घालून मातीने झाका. झाडाचे फळ जमिनीपासून उंच असते, त्यामुळे राहिलेल्या थोड्याशा धोक्यापासूनही ते दूर राहते. तृणधान्यालाही चालते. कच्ची खाल्ली जाणारी पालेभाजी, मुळा, गाजर यांना हे खत मी घालत नाही. काही जण दोन वर्षांनंतर घालतात आणि ते शास्त्राला सोडून नाही, तरी हा माझा स्वतःचा नेम आहे. विहिरीपासून किमान तीस मीटर अंतर ठेवा.

जागा अगदी थोडी असेल आणि कोठी बांधणे परवडत नसेल, तर झिम्बाब्वेमधील पीटर मॉर्गन यांची पद्धत वापरून पाहा. त्यांना या क्षेत्रातील कामासाठी २०१३ मध्ये स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. सुमारे एक मीटर खोल खड्डा, त्यावर हलवता येईल अशी फरशी आणि हलका आडोसा, एवढीच सामग्री लागते. प्रत्येक वापरानंतर माती, राख आणि पाला टाकायचा. खड्डा तीन चतुर्थांश भरला की फरशी आणि आडोसा दुसऱ्या खड्ड्यावर न्यायचा, पहिल्यावर वीतभर चांगली माती भरायची आणि त्यात रोप लावायचे. यात कोणालाही काहीही उपसावे लागत नाही. भूजल खूप वर असेल, खड्ड्याच्या तळाच्या दोन मीटरच्या आत पाणी लागत असेल, तर मात्र ही पद्धत करू नका. रोप लगेच लावले तर कोवळी मुळे खालच्या ताज्या मैल्यात पोचून जळतात, असे माझ्याकडे दोनदा झाले. म्हणून मी आता वरचा मातीचा थर जाड ठेवतो, पावसाची एक-दोन झड जाऊ देतो आणि मगच लिंबाचे किंवा पेरूचे रोप लावतो.